हातानं बनवलेला माल ऑनलाइन कसा विकायचा: मार्केटप्लेस की स्वतःची वेबसाइट?

आपल्या बेळगाव भागात हातानं माल बनवणारे कमी नाहीत. निपाणी-अथणीकडच्या कोल्हापुरी चपला, खानापूरची मातीची भांडी, गोकाकची लाकडी खेळणी, घरोघरी बायका शिवतात त्या वाकळा. पण माल व्यापाऱ्याकडं गेला की बनवणाऱ्याचं नाव तिथंच संपतं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे अमुक भागातला माल म्हणून सरकारी ओळख, मिळाल्याचं जाहीर झालं, त्यात महाराष्ट्राच्या ४ जिल्ह्यांबरोबर बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे आपल्या कर्नाटकाच्या बाजूचे ४ जिल्हेपण आहेत, तरी पुण्या-मुंबईच्या किती गिऱ्हाइकांना माहिती असतं की पायातली चप्पल अथणी तालुक्यात शिवलीय? म्हणून माझं मत आधीच सांगते. नवं गिऱ्हाईक गाठायला मार्केटप्लेस, म्हणजे ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारखी अनेकांचा माल विकणारी साइट, वापरा आणि आलेलं गिऱ्हाईक टिकवायला स्वतःची वेबसाइट ठेवा. दोन्ही लागतात, पण एका दमात दोन्ही सुरू करू नका.

पहिलं काम: वही घेऊन हिशोब करा

समजा चपलेचा जोड १२०० ला विकायचा आहे आणि कातडं, शिलाई, स्वतःची मजुरी (ही धराच, बहुतेक जण धरत नाहीत) मिळून ७५० पडतात. मार्केटप्लेसवर समजा १२ टक्के कमिशन म्हणजे १४४, शिपिंग आणि बाकी फी ११०, या फीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे साधारण ४६, असे ३०० गेले, हातात राहिले १५०. त्यात १० जोडांमागं १ जरी साइज बसत नाही म्हणून परत आला तर त्याचा जाण्यायेण्याचा खर्च बाकीच्या ९ जोडांच्या कमाईतून जातो. हे आकडे नुसते समजण्यासाठी आहेत, प्रत्येक साइटचा आणि प्रत्येक वस्तूचा दर वेगळा असतो आणि बदलत राहतो, तेव्हा सेलर पेजवरचं रेट कार्ड उघडून आपल्या वस्तूचं गणित स्वतः मांडा.

वेबसाइटवर त्याच जोडाला पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी म्हणजे २८ रुपये, कुरिअर समजा ९०, म्हणजे ३३० च्या वर राहतात. ऐकायला लय भारी वाटतं. पण वेबसाइटवर आपणहून कोण येत नाही, जाहिरात करावी लागते, आणि एका ऑर्डरमागं जाहिरातीला २०० गेले तर दोन्हीकडं जवळपास तेवढेच उरले. वेबसाइटचा खरा फायदा दुसऱ्या ऑर्डरला कळतो, कारण तेच गिऱ्हाईक परत येतं तेव्हा जाहिरातीचा खर्च लागत नाही.

दुसरं काम: जीएसटी, आणि आपल्याकडं तर हे आधीच बघायला पाहिजे

निपाणीतून महाराष्ट्रातल्या कागलला पार्सल पाठवलं तरी ते परराज्यातलं धरलं जातं, चंदगड, गडहिंग्लज, गोवा सगळं तसंच. आपली निम्मी गिऱ्हाइकं तर तिकडचीच. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नंबर नसतानाही मार्केटप्लेसवर माल विकता येतो, पण फक्त आपल्या राज्यात, आणि त्यासाठीसुद्धा जीएसटी पोर्टलवर एनरोलमेंट नंबर काढावा लागतो. म्हणजे जीएसटी नंबर नसेल तर हुबळी, बेंगळूरला विकता येईल, कोल्हापूरला नाही. मार्केटप्लेसवरून महाराष्ट्रात विकायचं तर नोंदणी करावीच लागते.

स्वतः थेट विकत असाल तर सरकारच्या यादीतल्या हस्तकलेच्या वस्तूंना २० लाखांच्या उलाढालीपर्यंत परराज्यात विकायलाही नोंदणीतून सूट आहे. मात्र पॅन लागतं आणि पार्सल कितीही लहान असलं तरी ई-वे बिल (माल पाठवताना ऑनलाइन काढायचा कागद) लागतं. आपली वस्तू त्या यादीत बसते का ते गावातल्या सीएला एकदा विचारा, त्याची फी वसूल होते.

तिसरं काम: मार्केटप्लेसवर थोड्या वस्तूंनी सुरुवात

सगळं दुकान चढवू नका. ज्या ५-६ वस्तू पुन्हा पुन्हा तशाच बनवता येतात तेवढ्याच टाका, कारण एकदा फोटो टाकला की प्रत्येक गिऱ्हाइकाला तीच वस्तू हवी असते. ॲमेझॉनचा कारिगर आणि फ्लिपकार्टचा समर्थ हे कारागिरांसाठीचे कार्यक्रम आहेत, तिथं आधी चौकशी करा. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचं इंडियाहँडमेड पोर्टल तर कमिशन घेत नाही. परदेशात विकायचं असेल तर एट्सी, तिथं एका लिस्टिंगला, म्हणजे एक वस्तू साइटवर टाकायला, २० सेंट लागतात आणि ते ४ महिने चालतं, विक्रीवर ६.५ टक्के फी, शिवाय पेमेंटचा खर्च वेगळा.

फोटो सकाळच्या उजेडात, ओसरीवर किंवा खिडकीजवळ काढा, फ्लॅश नको. चपलेचा तळवा दाखवा, शिलाई जवळून दाखवा, पाऊल किती सेंटिमीटर ते मापून लिहा, नुसतं ७ नंबर ८ नंबर लिहिलं की माल परत येतो. नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस कडक लागते हेपण आधीच लिहून टाका. आणि जे नाही ते लिहू नका. बेळगावच्या वडगाव-खासबागेत बहुतेक माग पॉवरलूम आहेत, ती साडी छानच असते, पण तिला हातमागाची म्हणून विकणं म्हणजे खरोखर हातमागावर बसणाऱ्याच्या पोटावर पाय देणं आहे.

एक गोष्ट मनाला लागते ती सांगते. कोल्हापुरी म्हणून शोधलं की रेक्झिनच्या, मशीनवरच्या चपला ३०० रुपयांत समोर येतात. त्या भावाशी स्पर्धा करायला जाऊ नका, हरणारच. कातडं कसलं, शिवायला किती वेळ लागतो, कोणत्या गावात बनली हे लिहा. जीआयचं ऑथराइज्ड युजर (ते नाव वापरायचा हक्क असलेला) म्हणून नाव नोंदवता येतं, तेही करून घ्या.

चौथं काम: वेबसाइट, पण व्हॉट्सॲपनंतर

आधी व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग बनवा, फुकट आहे. जत्रेत, प्रदर्शनात भेटलेल्या लोकांना विचारून त्यांचे नंबर घ्या, आणि महिन्याला ठरावीक ऑर्डरी तिथून यायला लागल्या की मग डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घ्या. डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या, वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर नको, नाहीतर तो गाव सोडून गेला की तुमचं दुकान गेलं. वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर फुकट आहे पण होस्टिंग (साइट ठेवायची जागा) आणि देखभाल तुमची, शॉपिफाय सोपं आहे पण दर महिन्याला भाडं. पत्ता, फोन नंबर, परत घेण्याचे नियम ठळक लिहा. मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हीत थोडं थोडं लिहिलं तर बेंगळूर आणि पुणे दोन्हीकडचे लोक थांबून वाचतात.

मार्केटप्लेसच्या पार्सलात ‘आमच्या साइटवर या’ असा कागद टाकू नका, खातं बंद होऊ शकतं. वस्तूवर मात्र तुमचं नाव, गावाचं नाव पक्कं असू द्या.

पाचवं: पार्सल आणि पैसे

स्वतःच्या साइटवर कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला बंदच ठेवा. दार उघडलं नाही की माल परत येतो आणि दोन्ही बाजूचं भाडं तुमच्या माथी. द्यायचीच झाली तर १०० रुपये आगाऊ यूपीआयनं घ्या. मातीच्या भांड्याला दोन खोकी, मधे भुसा किंवा कागदाचे गोळे, आणि बंद करताना मोबाइलवर व्हिडिओ, म्हणजे फुटलं तर वाद घालायला पुरावा राहतो. पावसाळ्यात खानापूरकडं हवेतच ओल असते, चपलांना बुरशी धरते, तेव्हा प्लास्टिकमध्ये गच्च न बांधता कागदात गुंडाळून सिलिका जेलची पुडी टाका, आणि गणपतीच्या आधी १५ दिवस दोन्हीकडचा स्टॉक आकडा रोज बघा, कारण एकच जोड शिल्लक असताना दोघांनी घेतला तर मार्केटप्लेसची ऑर्डर रद्द करण्याचा फटका रेटिंगला बसतो, त्यापेक्षा आपल्या साइटवरच्या गिऱ्हाइकाला फोन करून आठवडाभर थांबायला सांगितलेलं चालतं.