वारोची होडी कशी वाचावी

मालवणात मी शाळेत चित्रकला शिकवते. चित्रकार रेमेदियोस वारोचं १९५९ सालचं ‘ओरिनोको नदीच्या उगमाचा शोध’ हे चित्र मुलांपुढे ठेवते, तेव्हा तिच्या आयुष्याबद्दल आधी अवाक्षरही काढत नाही. तुम्हीही चित्राखालची माहिती झाकून ठेवा.

होडीपासून सुरुवात करा. ती चालते कशी? मासेमारी करणाऱ्या घरातली मुलं लगेच विचारतात, “बाई, वल्हा खंय? सुकाणू खंय?” अगदी योग्य प्रश्न. होडी अंगातल्या कोटासारखी आहे, तिला बटणं आहेत, आणि आतली बाई दोऱ्या धरून ती हाकते. वाहनच तिनं अंगावर चढवलंय. आता पाणी. झाडं त्यात बुडून उभी आहेत, भरतीला देवबागच्या खाडीतली कांदळवनं असतात तशी. हे पाणी येतं कुठून? एका पोकळ झाडात छोटं टेबल, त्यावर पेला, आणि त्या पेल्यातून! एवढ्या मोठ्या नदीचा उगम घरातल्या वापराच्या वस्तूत. इथे घाई करू नका, बघत राहा.

‘होडी म्हणजे प्रवास, पाणी म्हणजे जीवन’ असले तक्ते बाजूला ठेवा. तक्त्यातल्या होडीला बटणं नसतात.

मग चरित्र उघडा. वारो १९०८ साली स्पेनमध्ये जन्मली. वडील जलअभियंता, त्यांच्या आराखड्यांच्या नकला करत तिचा हात बसला. यादवी युद्धाच्या काळात ती पॅरिसला गेली, हुकूमशहा फ्रँको जिंकल्यावर परतीची वाट बंद झाली, आणि नाझींमुळे १९४१ मध्ये तिला मेक्सिको गाठावं लागलं. पुढे काही काळ ती ओरिनोको जिथून वाहते त्या व्हेनेझुएलातही होती. यातली एकेक गोष्ट चित्राला लावून पाहा. दोऱ्यांची यंत्रणा वडिलांच्या आराखड्यांकडे जाते. कोटाची होडी म्हणजे, मला वाटतं, पुन्हा पुन्हा देश सुटलेल्या बाईनं अंगावरच वागवलेलं घर. पेल्यात अनेकांना किमयेची, म्हणजे साध्या धातूचं सोनं करू पाहणाऱ्या जुन्या विद्येची, खूण दिसते; वारोला किमयेत रस होता, तेव्हा तो अर्थ टाकाऊ नाही. पण मी टेबलापाशी थांबते. रानात कुणीतरी मांडून ठेवलेलं टेबल! चरित्रातली जी गोष्ट चित्रातल्या कशालाच टेकत नाही, ती सोडून द्या.

यानंतर तिचं १९६१ सालचं, मनोऱ्यात कोंडलेल्या मुलींचं चित्र घ्या. त्यांनी भरतकाम केलेलं कापड बाहेर पडून पृथ्वी होतं. एकीनं त्याच्या घडीत प्रियकरासोबत स्वतःला उलटं भरलंय. चित्र फिरवून ती जागा शोधा, मगच मनोऱ्याचा अर्थ लावायला बसा.