डायग्राम फॅक्टर काढताना लॉगचं बटण बघून दाबा

पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत मुलांकडून वाफेच्या इंजिनाचे प्रयोग करून घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. एमईपी म्हणजे पिस्टनवरचा सरासरी परिणामी दाब. प्रत्यक्ष एमईपी भागिले सैद्धांतिक एमईपी म्हणजे डायग्राम फॅक्टर, हे सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो आकडे घालताना.

आधी सैद्धांतिक बाजू. वाफेचा दाब गेजवर 9 बार, म्हणजे वातावरणाचा 1 मिळवून निरपेक्ष दाब धरायचा 10. कट-ऑफ, म्हणजे आत येणारी वाफ बंद होणं, पाव स्ट्रोकला, म्हणून प्रसरण चौपट. क्लिअरन्स (पिस्टन टोकाला असतानाही उरणारी जागा) तूर्त विसरा. 10 ला 4 ने भागा आणि (1 + लॉग 4) ने गुणा. हा लॉग नैसर्गिक, 1.386. आले 5.97. त्यातून एक्झॉस्टकडचा, म्हणजे वापरलेली वाफ बाहेर जाते तिकडचा, 1.1 बार वजा, उरले 4.87.

मग इंडिकेटरचं कार्ड घ्या, म्हणजे सिलिंडरमधला दाब स्ट्रोकभर कसा बदलला त्याची इंजिनावरच उमटलेली आकृती. प्लॅनिमीटरची (क्षेत्रफळ मोजायच्या उपकरणाची) सुई रेषेवरून सावकाश फिरवा, दोनदा. समजा क्षेत्रफळ 11.4 चौ. सेंमी भरलं आणि लांबी 7.5 सेंमी, लांबी वातावरणरेषेला (कार्डावरची वातावरणाच्या दाबाची रेषा) समांतरच मोजायची. सरासरी उंची 1.52 सेंमी. इंडिकेटरची स्प्रिंग सेंटीमीटरला 2.5 बारची, म्हणून प्रत्यक्ष एमईपी 3.8 बार. फॅक्टर 0.78. पिस्टनच्या दुसऱ्या बाजूचं कार्डही असंच मोजा, दोन्ही सारखी क्वचितच निघतात.

एकदा एक मुलगा 1.31 घेऊन आला. सैद्धांतिकपेक्षा प्रत्यक्ष जास्त! त्याने दहाच्या पायाचा लॉग दाबला होता. ही चूक बरी, लगेच उघडी पडते. गेजचे 9 तसेच घातले तर मात्र 0.89 येतं, छान दिसतं आणि जर्नलवर सहीसुद्धा होऊन जाते. माझीही झालेली आहे.

उरलेले 22 टक्के गेले कुठे, ते बघायला सैद्धांतिक आकृती त्याच मापाने ट्रेसिंग पेपरवर काढून कार्डावर ठेवा. वरची रेषा कट-ऑफकडे उतरत असेल तर वाफ पोर्टमधून (आत यायच्या वाटेतून) येताना दाब गमावतेय. गार सिलिंडरला लागून काही वाफेचं पाणीही होतं. कट-ऑफचा कोपरा गोल, कारण व्हॉल्व्ह झटकन मिटत नाही. उजवं टोक आधीच खाली वळतं, कारण एक्झॉस्ट स्ट्रोक संपायच्या आत उघडतो. डावीकडे खाली कापलेला कोपरा दिसेल. तो कॉम्प्रेशनचा, म्हणजे आत उरलेली वाफ दाबली जाण्याचा, मुद्दाम ठेवलेला. पिस्टनला टोकाला धक्का बसू नये म्हणून. तेवढ्यासाठी व्हॉल्व्हला शिव्या देऊ नका.