गर्दीच्या खाडीत होडी चालवताना आपली लाट कशी आवरावी

दिवाळीनंतर मालवणजवळच्या देवबागच्या संगमावर होडी चालवायची, तर नुसतं इंजिन चालवता येऊन भागत नाही. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या थोड्याशा पाण्यात जेटस्की, बनाना राइड, पर्यटकांच्या होड्या, कयाक आणि मासेमारी सगळं एकाच वेळी चाललेलं असतं. ‘माणसं दिसली की जरा हळू करा’ असं जो तो सांगतो. तो सल्ला अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच घातक आहे.

निघताना: लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात, किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला, भरती-ओहोटीची वेळ तोंडपाठ.

वाट द्यायचे नियम चारच ओळींचे आहेत. अरुंद पाण्यात आपल्या उजव्या कडेने चला. दोन इंजिनवाले समोरासमोर आले तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. उजवीकडून आडवी येणारी इंजिनाची होडी दिसली तर वाट तुम्ही द्यायची. कुणाला मागे टाकून पुढे जाताय, तर अंतर राखणं तुमचं काम. समुद्रावरचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियमही हेच सांगतात.

आता खरं अवघड काम, आपल्या होडीमागे उठणारी लाट.

सुरुवातीच्या वर्षांत मी भरधाव येऊन, लहान होडी दिसली की वेग निम्म्यावर आणायचो आणि आपण नीट वागलो असं समजायचो. एका सकाळी काठाजवळ एक आजोबा होडीत उभे राहून पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकत होते. मी निम्म्या वेगाने बाजूने गेलो. माझी लाट त्यांच्या होडीखाली शिरली, ते गुडघ्यांवर आपटले आणि पाग हातातून सुटून गेला. मी माफी मागायला वळलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, “झिला, इंजिन हळू केलंस, पण लाट खंय हळू झाली?”

त्यांचं शब्दशः खरं होतं. भरधाव होडी पाण्यावर उचललेली असते, अगदी सावकाश होडी पाण्यात सपाट बसलेली असते. मधल्या वेगात मात्र नाक वर जातं, मागची बाजू पाण्यात रुतते आणि होडी पाणी ढकलत चालते. सगळ्यात मोठी लाट तेव्हाच उठते. म्हणजे निम्मा वेग हा लहान होडीजवळ सर्वांत वाईट वेग. भरधावही जायचं नाही, कारण अचानक कुणी आडवं आलं तर थांबायला जागा उरत नाही.

म्हणून मी शंभरेक मीटर आधीच थ्रॉटल कमी करायला लागतो, आणि नाक खाली येऊन होडी सपाट बसेपर्यंत कमी करत राहतो. स्पीडकडे बघू नका, मागे वळून बघा. मागचं पाणी पांढरं फेसाळतंय किंवा लाट मोडतेय, तर अजून वेग जास्त आहे. थ्रॉटल एकदम बंद करू नका. आपलीच लाट मागून येऊन होडीत चढते. माझ्या होडीत असं घोटाभर पाणी आलंय, सोबत दोन लहान मुलं असताना. न्यूट्रलमध्येही टाकू नका, कारण आउटबोर्डची, म्हणजे मागे बाहेरून इंजिन लावलेली होडी वळते ती पंख्याच्या जोरावर, आणि संगमावर ओहोटीचा ओढ तिला भलतीकडे नेतो. होडी वळवता येईल एवढाच वेग ठेवा.

ओलांडून गेल्याबरोबर थ्रॉटल उघडणारे लोक पाहिले की मला खरोखर राग येतो. वेग घेताना होडी पुन्हा त्याच मधल्या टप्प्यातून जाते आणि ती मोठी लाट मागच्या माणसाला बसते. आधी जेवढं अंतर सोडलं, तेवढंच नंतर सोडा. काठाजवळ उथळ पाण्यात लाट आणखी उंच होते, तिथे दुप्पट धीर धरा.

तुम्ही स्वतः कयाकमध्ये असाल तर लाट आडवी घेऊ नका. नाक तिच्याकडे थोडं तिरकं वळवा, खाली बसून राहा, वल्हं पाण्यात ठेवा.

जाळ्यांचं सोपं आहे. बोये किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने दिसले तर मधून जाऊ नका, टोकाला वळसा घाला. किनाऱ्यावर माणसं रापण ओढत असतील तर किनारा आणि जाळं यांच्या मधल्या पाण्यात शिरायचंच नाही. त्या एका ओढीवर अनेक घरांची चूल असते. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग चालतं, तिथे पाण्यावर डोकी शोधत चला.

जेटीला लागण्याआधी दोरी हातात तयार ठेवा. माणसं उतरवा, सामान द्या आणि होडी लगेच बाजूला घ्या. पैशांचा हिशेब, फोटो, चपला शोधणं हे सगळं जेटीवर चढून करा; मागे दुसरी होडी लहान मुलांना घेऊन लाटेत हेलकावत उभी असते.