कर्दळीला फुलं कमी? गड्डे फोडा

कर्दळीचं बेट दाट झालं की पानं भरमसाट आणि फुलं मोजकी. जळगाव-धुळ्याच्या वैशाखात मात्र हात लावू नका. मृगाचा पाऊस पडला की काम काढा.

१. दांडे वीतभर ठेवून छाटा. कुदळीने जरा लांबून खणून अख्खा गड्डा उचला.
२. धारदार विळ्याने तुकडे करा. प्रत्येकाला दोन-तीन डोळे हवेतच. मधला जुनाट, पोकळ भाग सरळ फेका, त्यात जीव अडकवू नका. जास्तीचे तुकडे शेजारी द्या, कोणी नाही म्हणत नाही.
३. कापलेला भाग दिवसभर सावलीत सुकवा.
४. डोळे वर करून चार बोटं खोल, हातभर अंतराने लावा.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. कोंब दिसेपर्यंत रोज पाणी घातलंत तर गड्डा सडलाच समजा.