बॉक्सिंगच्या फाईटच्या आधी मत कसं बनवायचं (आणि मिसळीची पैज कशी हरायची नाही)

रविवारी सकाळी साडेसातला ग्रुपवर मेसेज पडतो, "आज कोण मारणार?" आणि पाच मिनिटांत कोणीतरी दोघांचे रेकॉर्ड टाकतो, एकाचा 40-0 (म्हणजे 40 जिंकल्या, हरली एकही नाही), दुसऱ्याचा 27-0, आणि खाली निकाल पण देऊन टाकतो की ज्याच्या फाईट जास्त, नॉकआउट जास्त, तोच जिंकणार. मीही कित्येक वर्षं असंच करायचो आणि त्यात इतक्या मिसळी हरलोय की आमच्या कोपऱ्यावरचा हॉटेलवाला मला बघूनच विचारतो, आज कोण हरलं. तर हे मी हळूहळू काय शिकलो ते लिहितोय, कोणाला उपयोग झाला तर झाला.

वरचे आकडे खरे आहेत बरं का. डिसेंबर 2018, डिऑन्टे वाइल्डर 40-0, त्यात 39 नॉकआउट, समोर टायसन फ्युरी 27-0, तोही मधली अडीच वर्षं रिंगच्या बाहेर राहून, वजन वाढवून आणि परत उतरवून आलेला. कागदावर सामना एकतर्फी होता. आणि झालं काय, फ्युरीने लांबून जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) मारत, डोकं हलवत वाइल्डरला बरेचसे राऊंड नुसतं हवेत हात फिरवायला लावले. नवव्यात आणि बाराव्यात फ्युरी खाली पडला, बाराव्यात तर असा पडला की मी टीव्ही बंदच करणार होतो, आणि पठ्ठ्या उठला की! ड्रॉ दिला. पुढच्या दोन्ही फाईट फ्युरीने संपवल्या, 2020 मध्ये सातव्या राऊंडला आणि 2021 मध्ये अकराव्याला.

म्हणजे पहिलं काम, रेकॉर्डातला शून्य बघायचा नाही, रेकॉर्ड उघडून आत बघायचं. बॉक्सरेक नावाच्या वेबसाइटवर सगळं मिळतं. प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न विचारायचे: कोणाला हरवलं, कधी हरवलं, कुठे हरवलं. "कधी" सगळ्यात महत्त्वाचं, कारण नाव मोठं असतं पण माणूस संपलेला असतो, आणि प्रमोटर लोकांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. वर चढणाऱ्या पोराला 38 वर्षांचा माजी चॅम्पियन दिला की पोस्टर पण छान दिसतं आणि धोका पण कमी. उलट युक्रेनचा लोमाचेन्को बघा, दुसऱ्याच प्रोफेशनल फाईटमध्ये हरला, सालिडोकडून, 2014 मध्ये, म्हणजे रेकॉर्ड 1-1. हे बघून कोणी म्हणेल लिंबूटिंबू आहे. पण सालिडो ठरलेल्या वजनात बसलाच नव्हता, जड अंगाने आला आणि कमरेखाली हाणत राहिला, आणि लोमाचेन्को पुढच्याच म्हणजे तिसऱ्या फाईटला वर्ल्ड चॅम्पियन झाला. आता सांगा 1-1 चा अर्थ काय लावायचा.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर विजेंदर. ऑगस्ट 2017 ला मुंबईत वरळीच्या एनएससीआयमध्ये चीनच्या झुल्पिकारला पॉइंटवर हरवलं तेव्हा वातावरण तापलेलं होतं, डोकलामचा सीमावाद चालू होता, लोक बॉक्सिंग बघायला कमी आणि चीनला हरवायला जास्त आले होते. पण कार्ड (जजनी दिलेले पॉइंट) बघा, दोन जजनी 95-94 दिलं, म्हणजे जेमतेम एका पॉइंटचा फरक. घरच्या रिंगमध्ये, घरच्या गर्दीपुढे. रेकॉर्डात ते फक्त एक "विजय" म्हणून दिसतं. मग 2021 च्या मार्चमध्ये गोव्यात, मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर, रशियाचा लोप्सान आला, उंच, तरुण, फारसं कोणाला माहीत नसलेला. विजेंदर 12-0. ग्रुपवर सगळे "आरामात". मी पण. पण विजेंदर तेव्हा 35 चा होता आणि शेवटची फाईट 2019 च्या नोव्हेंबरमध्ये झालेली, सव्वा वर्षाहून जास्त गॅप. पाचव्या राऊंडला फाईट थांबवली. विजेंदर हरला, शून्य गेला. तेव्हापासून मी गॅप आणि वय आधी बघतो, नाव नंतर.

दुसरी चूक, जी मी आजही बघतो, ती म्हणजे गणितातला नियम लावणं. ह्याने त्याला हरवलं, त्याने तिसऱ्याला हरवलं, म्हणून हा तिसऱ्याला हरवणार. बॉक्सिंगमध्ये हे चालत नाही, आणि ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण 1971 ते 74 चं आहे. फ्रेझरने अलीला हरवलं. नॉर्टनने अलीला हरवलं आणि वर जबडा पण मोडला. मग फोरमनने फ्रेझरला दोन राऊंडमध्ये सहा वेळा खाली पाडलं, आणि नॉर्टनलाही दोन राऊंडमध्ये गुंडाळलं. आता गणिताने अलीचं काय व्हायला पाहिजे? फोरमन परत तेच, 40-0, त्यात 37 नॉकआउट, वय 25. अली 32 चा. आणि 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात अलीने आठव्या राऊंडला फोरमनला आडवा केला.

असं का झालं हे समजलं की अर्धं बॉक्सिंग समजलं. फ्रेझर वाकून, डोकं डोलवत सरळ आत घुसायचा, म्हणजे फोरमनच्या खालून येणाऱ्या हातांवर स्वतःच जाऊन आदळायचा. नॉर्टन जोरात मारणाऱ्यासमोर मागे सरकला की गोंधळायचा. अली ह्या दोन्हीतलं काहीच करत नव्हता. तो दोरांना टेकला, अंग झाकलं, डोकं मागे टाकलं, मार हातांवर घेतला आणि मधेच पटकन तोंडावर दोन-तीन मारायचा. आणि फोरमनच्या आधीच्या तीन फाईट दोन राऊंडच्या पुढे गेल्याच नव्हत्या. सातव्या-आठव्या राऊंडला आपले हात किती जड होतात हे त्या बिचाऱ्याला आठवतच नसणार. म्हणून कुठल्याही नॉकआउटवाल्याबद्दल हा प्रश्न विचारायचाच, की हा शेवटचा लांब कधी लढलाय. (ह्याच फोरमनने वीस वर्षांनी, 45 व्या वर्षी, त्याच किन्शासावाल्या लाल चड्डीत मायकल मूररला झोपवून टायटल परत घेतलं. त्यामुळे वय आधी बघायचं हा माझा नियम पण फार डोक्यावर घेऊ नका.)

आता प्रत्यक्ष काय बघायचं. पाय बघा. हात सगळेच बघतात. ऑर्थोडॉक्सवाल्याचा (साधारण उजव्या हाताच्या बॉक्सरचा) डावा पाय पुढे असतो, साऊथपॉवाल्याचा (डावखुऱ्याचा) उजवा. हे दोघं समोरासमोर आले की पुढचे पाय एकमेकांना अडतात, आणि ज्याचा पुढचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेर पडतो त्याच्या मागच्या हाताला सरळ रस्ता मोकळा होतो. फाईटच्या आधी दोघांच्या जुन्या दोन-दोन फाईट आवाज बंद करून बघायच्या, आणि साऊथपॉ असेल तर समोरचा आधी साऊथपॉशी लढलाय का, चांगल्या साऊथपॉशी लढलाय का, ते शोधायचं. हायलाइट बघू नका, हायलाइटमध्ये सगळेच माइक टायसन असतात.

साऊथपॉ उसिक आणि ऑर्थोडॉक्स फ्युरी यांची पहिली फाईट, 18 मे 2024, रियाध. आपल्याकडे पहाटेचे साडेतीन-चार वाजले असतील, मी घरात अंधारात बसलेलो. फ्युरी जवळपास 40 पौंडांनी जड, उंचीने पण मोठा, आणि मधले राऊंड त्याने खरंच छान काढले, खालून पोटात मारत होता आणि मधेमधे माकडचाळे करत होता. मी ग्रुपवर "फ्युरी आरामात" टाकून मोकळा झालो. पण उसिकचा पाय सारखा बाहेर पडत होता, ते मला दिसलं नाही, म्हणजे दिसलं पण मी लक्ष दिलं नाही. नवव्यात त्याचा डावा हात बसला आणि फ्युरी ह्या दोरावरून त्या दोरावर, गावच्या जत्रेतल्या पाळण्यासारखा, रेफरीने मधे पडून काउंट (आकडे मोजणं) सुरू केला आणि बेल झाली म्हणून वाचला.

आता ह्याचं कार्ड बघा, कारण कार्ड कसं वाचायचं ते ह्यातच कळतं. राऊंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9, आणि खाली पडलात (किंवा असा काउंट झाला) तर साधारण 8. तिन्ही कार्डं अशी: 115-112 उसिक, 114-113 उसिक, 114-113 फ्युरी. त्या एका काउंटचा पॉइंट फ्युरीला परत देऊन बघा. पहिलं 115-113 होतं, दुसरं 114-114, तिसरं फ्युरीला 115-113. म्हणजे ड्रॉ! सगळे बेल्ट, म्हणजे चॅम्पियनपदं, ज्या फाईटवर लागली होती ती एका काउंटवर फिरली. डिसेंबरच्या रिमॅचला मग वाद राहिलाच नाही, तिन्ही जजनी 116-112 दिलं.

स्वतः कार्ड भरायची सवय लावा, हे मी सगळ्यांना सांगतो. साधी वही, बारा ओळी, कॉमेंट्री बंद, कारण कॉमेंटेटर ज्याच्या बाजूने ओरडतो तो आपल्याला जिंकताना दिसतो. राऊंड संपला की लगेच आकडा लिहायचा आणि नंतर खोडायचं नाही. बघायचं एवढंच, स्वच्छ पंच कोणाचे बसले. नुसतं पुढे चालत जाणं म्हणजे राऊंड जिंकणं नाही, आणि ग्लोव्हजवर, दंडावर बसलेले वीस पंच म्हणजे काहीच नाही. मी हे सुरू केलं ते 2017 च्या कनेलो-गोलोव्किन फाईटनंतर, जिथे एका जजने कनेलोला 118-110 दिलं होतं, म्हणजे बारापैकी दहा राऊंड! दुसऱ्याने गोलोव्किनला 115-113, तिसऱ्याने बरोबरी. ती फाईट तीन जणांनी तीन वेगवेगळ्या गावात बघितली असं वाटतं.

वजनाबद्दल थोडक्यात. वजन आदल्या दिवशी होतं, मग लोक पाणी-जेवण भरून रात्रीतून बरेच पौंड चढवतात, त्यामुळे स्टेजवरचे आकडे बघून फार काही ठरवू नका. वरच्या वजनगटात सरकणारा हरतोच असंही नाही, पण कनेलो 175 पौंडांच्या गटात जाऊन 2022 मध्ये बिवोलकडून हरला, तिन्ही कार्डं 115-113. म्हणून 2025 च्या सप्टेंबरमध्ये क्रॉफर्ड 154 पौंडांवरून थेट 168 ला कनेलोशी लढायला आला तेव्हा मी म्हटलं, भावा, हे वेडेपण आहे, दोन मिसळी लावतो. क्रॉफर्ड जिंकला, 116-112, 115-113, 115-113. माझं काय चुकलं? मी पौंड मोजले, पण वर येणारा कशाच्या जोरावर जिंकतो ते बघितलं नाही. नुसत्या ताकदीवर जिंकणारा वर गेला की त्याची ताकद साधी वाटायला लागते, पण अंतर आणि टायमिंगवर जिंकणारा आपला माल बरोबर घेऊन येतो.

करिअरची तुलना करायची असेल तर, म्हणजे भांडण करायचंच असेल तर, माझं मत उघड आहे: मेवेदर 50-0 असला तरी करिअर पॅकियाओचं मोठं. 2 मे 2015 ला मेवेदर स्वच्छ जिंकला, त्यात वाद नाही, पण ती फाईट पाचेक वर्षं आधी व्हायला हवी होती, एक 38 चा आणि दुसरा 36 चा असताना नाही, आणि मधे 2012 ला मार्केझने पॅकियाओला सहाव्या राऊंडला तोंडावर पाडून झालेलं होतं. 112 पौंडांपासून 154 पर्यंत आठ वजनांत टायटल घेणाऱ्या माणसाचे आठ पराभव मला खटकत नाहीत, कारण तो कोणाशी आणि कुठल्या वजनाला हरला ते मी वाचलंय. मेवेदरवाल्यांनी शिव्या द्याव्यात, वाचीन.

शेवटचं काम सोपं पण कोणी करत नाही. अंदाज फाईटच्या आधी लिहून ग्रुपवर टाकायचा, कोण, कसा आणि साधारण कितव्या राऊंडला, आणि का ते एका ओळीत. "दोघंही जिंकू शकतात" चालणार नाही. वेगासची मेन फाईट आपल्याकडे रविवारी सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमाराला लागते, तेव्हा आठपर्यंत टाकलं तर धरायचं, त्यानंतर आलेलं मत बाद. क्रॉफर्डच्या दोन मिसळींपैकी एक मी दिली, दुसरी अजून बाकी आहे आणि तो माणूस दर रविवारी आठवण करतो, एक्स्ट्रा पावासकट.