कॅल्क्युलसचा सराव: पहिली ओळ आणि शेवटची तपासणी

कॅल्क्युलसच्या वह्या तपासताना एक गोष्ट मला सारखी दिसते. धड्याखालचा स्वाध्याय पूर्ण सोडवलेला असतो, प्रत्येक उत्तरासमोर बरोबरची खूण असते. महिन्याभराने त्यातलंच एक गणित दुसऱ्या चार गणितांत मिसळून दिलं, की तीच मुलगी पेन हातात धरून बसून राहते. रीत तिला येत असते. इथे कोणती रीत लावायची हे ठरवायची वेळ मात्र तिच्यावर कधी आलेलीच नसते. ‘बाय पार्ट्स’ (गुणाकाराचं इंटिग्रेशन करण्याची एक रीत) अशा मथळ्याखालचं प्रत्येक गणित बाय पार्ट्सनेच सुटणार हे मथळ्यानेच सांगून टाकलेलं असतं. परीक्षेच्या पेपरात तो मथळा नसतो.

म्हणून शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना मी दोन गोष्टींवर वेळ घालवायला सांगते. गणिताची पहिली ओळ ठरवण्याचा वेगळा सराव करा, आणि आलेलं उत्तर पुस्तकाचं शेवटचं पान न उघडता स्वतः तपासायला शिका. कॅल्क्युलसमध्ये हे तपासणं फार सोपं आहे. इंटिग्रेशनचं उत्तर डिफरन्शिएट केलं, म्हणजे त्याचा डेरिव्हेटिव्ह काढला, की मूळ फंक्शन परत आलं पाहिजे. आलं तर उत्तर बरोबर, कुणाला विचारायची गरज नाही.

त्याआधी एक संध्याकाळ बीजगणिताला द्या. कॅल्क्युलसमधले गुण जातात त्यातले कितीतरी घातांकांच्या नियमांत, अपूर्णांकांच्या बेरजेत आणि त्रिकोणमितीच्या सूत्रांत जातात. साइन²एक्स = (१ − कॉस २एक्स)/२ हे सूत्र आठवत नसेल तर साइन²एक्सचं इंटिग्रेशन पहिल्या ओळीलाच अडतं. लॉगचे तीन नियम, पूर्ण वर्ग करण्याची रीत आणि पार्शल फ्रॅक्शन (मोठ्या अपूर्णांकाचे साधे तुकडे पाडणं) एवढं हाताखालून गेलं की पुढचं बरंच हलकं होतं. (या लेखात लॉग म्हणजे सगळीकडे नैसर्गिक लॉग.)

डेरिव्हेटिव्हचा सराव मोठ्याने बोलून करा. बाहेरचं फंक्शन कोणतं, आतलं कोणतं, हे तोंडाने म्हणायचं आणि मगच लिहायचं. साइन(एक्स²) मध्ये बाहेर साइन, आत वर्ग, म्हणून उत्तर २एक्स कॉस(एक्स²). साइन²एक्स मध्ये बाहेर वर्ग, आत साइन, म्हणून २ साइन एक्स कॉस एक्स. ही दोन गणितं शेजारी शेजारी सोडवली की चेन रूल जेवढा डोक्यात बसतो, तेवढा एकाच प्रकारची दहा गणितं ओळीने सोडवून बसत नाही. मग लॉग(साइन एक्स) घ्या, कॉट एक्स येतं. मग ‘एक्सचा घात एक्स’ घ्या. इथे पायाही बदलतो आणि घातही, त्यामुळे नेहमीची दोन्ही सूत्रं निरुपयोगी ठरतात. दोन्ही बाजूंचा लॉग घ्यायचा, म्हणजे उत्तर येतं मूळ फंक्शन गुणिले (१ + लॉग एक्स).

गुणाकाराचा नियम विसरून दोन डेरिव्हेटिव्हचा नुसता गुणाकार करणारी मुलं दरवर्षी भेटतात. त्यांना मी सांगते की कॅल्क्युलस शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या खुद्द लायब्निट्झने १६७५ च्या टिपणांत स्वतःला हाच प्रश्न विचारला होता, आणि असं चालत नाही या निष्कर्षाला तो पोचला होता. शंका आली की एक्स गुणिले एक्स घेऊन पाहा. दोघांच्या डेरिव्हेटिव्हचा गुणाकार १, पण एक्स²चा डेरिव्हेटिव्ह २एक्स. असं छोटं, उत्तर माहीत असलेलं उदाहरण घेऊन नियम पारखण्याची सवय फार कामाची आहे.

आकडे घालून पाहणं ही तशीच दुसरी सवय. (१ − कॉस एक्स)/एक्स² ची शून्यापाशी लिमिट १/२ येते. एक्सच्या जागी ०.१ घातलं की कॅल्क्युलेटर ०.४९९६ च्या आसपास दाखवतो. तुमचं उत्तर १ किंवा ० आलं असेल तर चूक तिथेच कळते. फक्त कॅल्क्युलेटर रेडियनवर हवा. अंशांवर राहिला तर तो भलतंच काही दाखवेल. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसला तरी घरच्या सरावात तो जरूर वापरा.

आता इंटिग्रेशन. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तुमचाही जायला हवा. डिफरन्शिएशनमध्ये नियम सांगतील तसं चालत गेलं की उत्तर येतं. इंटिग्रेशनमध्ये आधी गणित ओळखावं लागतं. त्यासाठी एकमेकांसारखी दिसणारी गणितं एकत्र बसवून सोडवा. मी त्यांना भावंडं म्हणते: चेहरा एक, स्वभाव वेगळे. हा एक संच पाहा.

१/(एक्स² + ४)
एक्स/(एक्स² + ४)
एक्स²/(एक्स² + ४)
१/(एक्स² − ४)
१/(एक्स² + ४एक्स + ४)
१/(एक्स² + ४एक्स + ८)

खाली वाचण्याआधी कागद घेऊन प्रत्येकाची फक्त पहिली ओळ लिहा.

पहिलं सरळ सूत्राचं आहे, १/२ टॅन इन्व्हर्स (एक्स/२). दुसऱ्यात वरचा एक्स हा खालच्या डेरिव्हेटिव्हचा निम्मा भाग आहे, म्हणून १/२ लॉग(एक्स² + ४). तिसऱ्यात वरचा आणि खालचा घात सारखा, म्हणून आधी भागाकार: १ वजा ४/(एक्स² + ४), आणि उत्तर एक्स − २ टॅन इन्व्हर्स (एक्स/२). चौथ्याचे अवयव पडतात, पार्शल फ्रॅक्शनने १/४ लॉग |(एक्स − २)/(एक्स + २)| येतं. पाचव्यातला छेद (एक्स + २)चा पूर्ण वर्ग आहे, उत्तर −१/(एक्स + २). इथे टॅन इन्व्हर्स किंवा लॉग लिहिणारे खूप असतात. सहाव्यात पूर्ण वर्ग केला की (एक्स + २)² + ४ मिळतं, म्हणजे पहिल्याचंच रूप: १/२ टॅन इन्व्हर्स ((एक्स + २)/२). प्रत्येक उत्तरापुढे + सी (कोणताही स्थिरांक) आहेच. या सहा गणितांत वेगवेगळे विचार आहेत, आणि ते समजले की पुस्तकातली अशी बरीचशी गणितं ओळखीची वाटायला लागतात.

दुसरा संच ‘ई’चा. एक्स गुणिले ई चा घात एक्स: बाय पार्ट्स, उत्तर (एक्स − १) गुणिले ई चा घात एक्स. एक्स गुणिले ई चा घात एक्स²: इथे एक्स² = टी असं सबस्टिट्यूशन, उत्तर १/२ ई चा घात एक्स². आणि नुसता ई चा घात एक्स²? त्याचं इंटिग्रेशन आपल्या ओळखीच्या फंक्शनांत लिहिताच येत नाही. एकोणिसाव्या शतकात लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने अशा फंक्शनांचा सिद्धांत मांडला. हे सांगते कारण मुलं सरावासाठी स्वतः गणितं बनवतात, ती सुटत नाहीत, आणि मग ती खचतात. स्वतः गणित बनवायचं असेल तर उलट दिशेने जा. आधी उत्तर लिहा, ते डिफरन्शिएट करा, आणि जे येईल ते दोन आठवड्यांनी स्वतःलाच सोडवायला द्या.

असे संच हाताशी आले की ‘पहिल्या ओळीची बैठक’ सुरू करा. वेगवेगळ्या स्वाध्यायांतून वीस गणितं चिठ्ठ्यांवर उतरवा, मागे पान क्रमांक लिहा, चिठ्ठ्या पिसा. एकेक उचलून फक्त रीत आणि पहिली ओळ लिहायची, पूर्ण सोडवायचं नाही. वीस गणितांना अर्धा तास पुरतो. मग ज्या चिठ्ठ्यांवर अडलात किंवा रीत चुकली, तेवढीच गणितं शेवटपर्यंत सोडवा. सोडवलेली उदाहरणं नुसती वाचत बसण्यापेक्षा या अर्ध्या तासात कितीतरी जास्त पदरात पडतं. उदाहरण वाचायचंच असेल तर हाताने झाकून एकेक ओळ उघडत जा, आणि पुढची ओळ काय असेल ते आधी स्वतः लिहा.

तपासताना एका गोष्टीने घाबरू नका. साइन एक्स कॉस एक्सचं इंटिग्रेशन कुणी साइन²एक्स/२ लिहील, कुणी −कॉस²एक्स/२, कुणी −कॉस २एक्स/४. तिन्ही बरोबर आहेत. पहिल्या दोघांत १/२ चा फरक आहे, पहिल्या आणि तिसऱ्यात १/४ चा, आणि हा फरक ‘सी’मध्ये सामावतो. पुस्तकाशी उत्तर जुळलं नाही म्हणून बरोबर गणित खोडणारी मुलं पाहिली की मला फार वाईट वाटतं. आधी डिफरन्शिएट करून पाहा.

डेफिनिट इंटिग्रलमध्ये सबस्टिट्यूशन केलं की लिमिटही, म्हणजे इंटिग्रेशनच्या दोन्ही टोकांच्या किमतीही, बदला. ० ते १ मध्ये २एक्स(एक्स² + १)³ घ्या. टी = एक्स² + १ घेतलं की टीची लिमिट १ ते २, उत्तर १५/४. लिमिट जुनीच ठेवली तर १/४ येतं, आणि एक्स = १/२ ला फंक्शनची किंमतच जवळपास २ आहे हे पाहिलं की एवढं लहान उत्तर पटत नाही. तसंच −१ ते १ मध्ये १/एक्स² चं उत्तर सूत्राने −२ येतं. फंक्शन सगळीकडे धन आणि उत्तर ऋण, हे शक्यच नाही. शून्याला फंक्शन फुटतं, म्हणून तिथे सूत्र लावताच येत नाही.

० ते पाय/२ मध्ये साइन एक्स/(साइन एक्स + कॉस एक्स) हे गणित मात्र जरूर करा. एक्सच्या जागी पाय/२ − एक्स घातलं की साइन आणि कॉस जागा बदलतात, दोन्ही रूपांची बेरीज १ होते, आणि उत्तर पाय/४. या गुणधर्मावरची गणितं वेळ वाचवतात, पण तो सुचायला आधी दहाबारा वेळा वापरलेला हवा.

क्षेत्रफळ काढताना आकृतीशिवाय पेन चालवू नका. वाय = एक्स³ चं −१ ते १ मधलं इंटिग्रल शून्य, पण वक्र आणि एक्स-अक्ष यांमधलं क्षेत्रफळ १/२.

मॅक्सिमा-मिनिमामध्ये अडचण कॅल्क्युलसची नसते, समीकरण मांडण्याची असते. म्हणून सरावातही तेवढंच वेगळं काढा: पाच शाब्दिक गणितं घ्या, प्रत्येकात चल ठरवा, समीकरण आणि चलाची मर्यादा लिहा, आणि थांबा. उदाहरणार्थ, १२ सेंमी बाजूच्या चौरस पत्र्याच्या कोपऱ्यांतून एक्स बाजूचे चौरस कापून उघडी पेटी करायची. घनफळ एक्स(१२ − २एक्स)², आणि एक्स ० ते ६ मध्ये. डेरिव्हेटिव्ह (१२ − २एक्स)(१२ − ६एक्स), म्हणून एक्स = २ किंवा ६. सहाला पेटीच उरत नाही. दोनला घनफळ १२८ घनसेंमी. आजूबाजूला पाहा: एक्स = १ ला १००, एक्स = ३ ला १०८. बसतं.

बदलाच्या दराच्या गणितात दिलेली किंमत लवकर घालण्याचा मोह आवरा. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकलेली, पाया भिंतीपासून सेकंदाला ०.५ मीटर वेगाने सरकतोय. पाया ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने उतरतं? एक्स² + वाय² = २५ हे आधी वेळेच्या संदर्भात डिफरन्शिएट करा, नंतरच एक्स = ३, वाय = ४ घाला. उत्तर सेकंदाला ०.३७५ मीटर. ३ आधीच घातला तर एक्स स्थिर झाला, आणि पुढे सगळंच थांबलं.

डिफरन्शियल इक्वेशनमध्ये ‘सी’ इंटिग्रेशन केलं त्याच ओळीत लिहा. वाय चा डेरिव्हेटिव्ह वाय असेल तर उत्तर सी गुणिले ई चा घात एक्स. शेवटी आठवण झाली म्हणून ‘ई चा घात एक्स + सी’ लिहिलं तर ते मूळ समीकरणात बसत नाही. इथेही आधी प्रकार ओळखा: चलं वेगळी होतात का, होमोजिनियस आहे का, लिनियर आहे का. उत्तर मूळ समीकरणात घालून पाहा. डेरिव्हेटिव्ह = एक्स + वाय या समीकरणाचं उत्तर सी गुणिले ई चा घात एक्स, वजा एक्स, वजा १. दोन्ही बाजू अर्ध्या मिनिटात जुळतात.

चुकांसाठी एक पातळ वही ठेवा, आणि तिच्यात पूर्ण गणित उतरवू नका. ‘कॉसच्या इंटिग्रेशनला वजा लावला’, ‘आतल्या फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह राहिला’, ‘लिमिट बदलली नाही’ एवढीच ओळ पुरे. थोड्याच दिवसांत तीच तीच ओळ पुन्हा येते आणि आपली चूक कोणती ते समोर दिसतं. चुकलेलं गणित त्याच दिवशी पुन्हा सोडवून समाधान मानू नका. चार दिवसांनी कोऱ्या कागदावर सोडवा.

परीक्षा महिन्यावर आली की घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायला लागा. पायऱ्या गाळू नका. बहुतेक परीक्षांत पायऱ्यांना गुण असतात, आणि ‘टी = एक्स² + १ मानू’ ही ओळ लिहिलेली असेल तर पुढे चूक झाली तरी काही गुण हाती राहतात. शेवटची दहा मिनिटं तपासणीसाठी ठेवा, आणि तिचा क्रम घरीच ठरवा. आधी प्रत्येक इनडेफिनिट इंटिग्रलपुढे + सी आहे का. मग डेफिनिटमधल्या लिमिट. मग साइन-कॉसची चिन्हं. मग शाब्दिक गणितं, कारण विचारलेलं असतं घनफळ आणि आपण एक्स = २ लिहून पुढे गेलेलो असतो. एवढं करून वेळ उरला, तर ज्या इंटिग्रेशनची सगळ्यात कमी खात्री आहे ते एक डिफरन्शिएट करून पाहा.