नर्सिंग होमच्या केसचा चेक हाती येण्याआधी: या चुका टाळा

अमेरिकेतल्या नर्सिंग होमने, म्हणजे वृद्धांना ठेवून देखभाल करणाऱ्या केंद्राने, आईच्या बेडसोरकडे (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेकडे) दुर्लक्ष केलं, केस झाली, ३ लाख डॉलरवर तडजोड झाली. घरात लगेच तोंडी हिशेब सुरू होतो: वकिलाचा तिसरा हिस्सा गेला, उरले २ लाख. तेवढे उरत नाहीत.

वकिलाची टक्केवारी कशावर मोजायची हे करारात लिहिलेलं असतं आणि ते वाक्य सहसा कोणी वाचत नाही. तज्ज्ञ डॉक्टरांची फी, रेकॉर्डच्या प्रती, जबान्या असा खर्च ३० हजार झाला, तर पूर्ण रकमेवर तिसरा हिस्सा १ लाख होतो. खर्च आधी वजा केला तर ९० हजार. आपली मराठी घरं जिथे बरीच आहेत त्या न्यू जर्सीत कोर्टाचा नियमच खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर टक्केवारी लावायला सांगतो. दुसऱ्या राज्यात असाल तर सहीआधीच विचारा. नंतर उगाच संकोच होतो.

मग येतं सरकारचं देणं, आणि खरी गफलत तिथेच होते. १९८० च्या कायद्यानुसार जखमेची जबाबदारी दुसऱ्या कुणाची असेल, तर मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या केंद्र सरकारच्या आरोग्यविम्याने) भरलेली बिलं ही एक प्रकारची उचल ठरते. तडजोड झाली की परत करायची. मेडिकेअर यादी पाठवतं. सरकारी कागद म्हणून ती जशीच्या तशी मान्य करू नका. बेडसोरच्या यादीत मोतीबिंदूचं किंवा मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीचं बिल घुसलेलं असू शकतं. एकेका ओळीची तारीख आणि निदानाचा कोड बघा, संबंध नसेल तिथे लेखी हरकत घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण इथे वाचलेला पैसा थेट घरात येतो.

शिवाय वसुलीसाठी लागलेल्या फी आणि खर्चाचा वाटा मेडिकेअरलाही उचलावा लागतो. वरच्या उदाहरणात फी ९० हजार आणि खर्च ३० हजार, म्हणजे तडजोडीच्या ४० टक्के. मेडिकेअरचं येणं ६० हजार असेल तर ते ३६ हजारांवर येतं. त्यासाठी फी-खर्चाचे आकडे त्यांना कळवावे लागतात. अंतिम मागणीचं पत्र मात्र फाइलमध्ये पडू देऊ नका: ६० दिवसांत पैसे गेले नाहीत तर व्याज लागतं, आणि अपील केलं म्हणून ते थांबत नाही.

आईच्या कार्डावर खासगी कंपनीचं नाव असेल, म्हणजे मेडिकेअर अॅडव्हान्टेज (खासगी कंपनीमार्फत चालणारं मेडिकेअर), तर तिची बिलं त्या सरकारी यादीत नसतात. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ज्याच्या कक्षेत येतात त्या अपील कोर्टाने २०१२ मध्ये अशा कंपन्यांनाही वसुलीचा हक्क मान्य केला. त्यांना वेगळं विचारावं लागतं.

रुग्ण दगावला असेल तर रक्कम कोणत्या कारणासाठी मिळाली याची विभागणी कोर्टाकडून करून घ्या. फ्लोरिडातल्या एका नर्सिंग होमच्या प्रकरणात तडजोड ५२,५०० डॉलरची होती आणि मेडिकेअरने २२ हजारांहून जास्त मागितले होते. मुलांच्या स्वतःच्या नुकसानीचा वाटा कोर्टाने वेगळा धरला, मेडिकेअरला ७८७.५० डॉलर ठरवले आणि २०१० मध्ये अपील कोर्टाने तेच उचलून धरलं. वकील आणि घरच्यांनी आपसात लिहिलेल्या विभागणीला मेडिकेअर सहसा दाद देत नाही.

मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्न आणि शिल्लक असणाऱ्यांसाठीची आरोग्य योजना, हे राज्य चालवतं, त्याचा हिशेब निराळा. तडजोडीतल्या उपचारखर्चाच्या वाट्यातूनच त्याला घेता येतं. पण २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्या वाट्यात भविष्यातला उपचारखर्चही धरता येतो. आई अजून नर्सिंग होममध्येच असेल आणि मेडिकेड चालू असेल, तर चेक सरळ तिच्या खात्यात भरू नका. अनेक राज्यांत एकट्या व्यक्तीच्या शिलकीची मर्यादा फक्त २,००० डॉलर आहे. ती ओलांडली की मेडिकेड बंद पडतं आणि नर्सिंग होमचं पुढच्या महिन्याचं बिल तुमच्या घरी येतं. ट्रस्ट करायचा की आणखी काही, हे ज्येष्ठांच्या कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला चेक यायच्या आधी विचारा.